दोन साक्षी, मगच नाव!

काय दोस्तांनो, सहामाही परीक्षा आटोपली, दिवाळीच्या फराळाचे डबेही तळाशी गेले. आता थंडीची चाहूल लागली, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पाहुणे उतरायची वेळ झाली. हे पाहुणे तिकीट काढत नाहीत, सामान आणत नाहीत, आणि आल्या दिवसापासून समुद्र जणू आपल्याच मालकीचा असल्यासारखा आरडाओरडा करतात. ओळखलंत ना? बरोबर, सीगल! मराठी पक्षीपुस्तकांत यांना ‘कुरव’ म्हणतात. नाव लहान आणि गोड आहे, आपणही तेच वापरू.

मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलात, की हे कुरव लाँचच्या मागे मागे येतात. अगदी हातभर अंतरावर! हर्णै, रत्नागिरी, मालवण अशा बंदरांत मासळी उतरत असली की तिथंही यांची झुंबड असते. समुद्र लांब आहे म्हणून सोलापूर-पुण्याकडच्या मित्रांनी हिरमुसायचं कारण नाही. उजनीच्या जलाशयावर, भिगवणला, हिवाळ्यात कुरव येतात. समुद्रपक्षी म्हटला तरी गोडं पाणी त्याला वर्ज्य नसतं.

आता गंमत ऐका. लाँचमधले सगळे ‘ते बघ सीगल, ते बघ सीगल’ म्हणतात, तेव्हा त्यांना वाटत असतं की हा एकाच जातीचा थवा आहे. साधारण कावळ्याएवढे पक्षी, अंग पांढरंशुभ्र, पाठ फिकट राखाडी, चोच आणि पाय लालसर, डोळ्याच्या मागे शाईचा डाग पडावा तसा एक गडद ठिपका. सगळे सारखेच! पण त्या एका थव्यात दोन जाती असू शकतात, कधी कधी तीनसुद्धा. एक लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवरून आलेली, दुसरी कुठल्या तरी दूरच्या उत्तरेकडच्या दलदलीतून आलेली. ती वेगळी कशी ओळखायची, हाच आजचा आपला धडा. पाठांतर मुळीच नाही. फक्त डोळे हवेत, आणि थोडा धीर.

आधी हा कुरवच ना?

घाई करू नका. कुरवांसोबत पांढऱ्या-राखाडी रंगाचा आणखी एक पक्षी उडत असतो. त्याचं नाव सुरय. कुरव अंगानं भरलेला, पंख रुंद, शेपटी पंख्यासारखी. सुरय सडपातळ, पंख लांब नि टोकदार, बऱ्याच सुरयांची शेपटी मधोमध कापल्यासारखी दुभंगलेली. कुरव बदकासारखा पाण्यावर खुशाल तरंगत बसतो. सुरय सहसा बसत नाही. तो पाण्यावर फडफडत एका जागी थांबतो आणि मासा दिसला की डोकं खाली करून सूर मारतो. एवढं पाहिलं की पहिली गाळणी झाली. सुरय बाजूला, कुरव आपल्याकडे.

नावावर जाऊ नका!

आपल्या थव्यातल्या दोन मुख्य जातींची नावं आहेत काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. तुम्ही म्हणाल, ‘मग सोपं आहे की! डोकं पाहायचं नि सांगायचं.’

थांबा! हिवाळ्यात डोकं पाहाल, तर दोघांचंही पांढरं. काळंही नाही नि तपकिरीही नाही. फक्त डोळ्यामागचा तो ठिपका, आणि तोसुद्धा दोघांना असतो. विणीच्या हंगामात, म्हणजे घरटी करण्याच्या दिवसांतच यांच्या डोक्यावर रंगाची टोपी चढते. हंगाम संपला की ती पिसं गळतात आणि पांढरी उगवतात. हे पक्षी आपल्याकडे पोचतात ते टोपी काढून.

परत जाण्याआधी मात्र, होळीच्या आगेमागे, त्यांचीही डोकी रंगायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावर गेलात तर अर्धी रंगलेली, ठिपक्याठिपक्यांची डोकी हमखास दिसतील. पण तेव्हाही नाव फसवतंच. कारण काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं खरं तर काळं नसतंच. ते असतं गडद चॉकलेटी! आणि तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं असतं दुधाळ कॉफीच्या रंगाचं, मानेकडच्या कडेला गडद पट्टी असलेलं. म्हणजे दोन्ही तपकिरीच, एक गडद, दुसरं फिकट. लांबून उन्हात पाहणाऱ्याची फजिती ठरलेली.

मग करायचं काय? डोक्याचा रंग म्हणजे सणासुदीचा पोशाख. पोशाखावरून माणूस ओळखायला गेलं तर फसायला होतं. ऋतू बदलला तरी जी खूण बदलत नाही, ती शोधायची.

साक्षीदार पहिला : डोळा

कुरव जवळून जाईल तेव्हा त्याच्या डोळ्याकडे पाहा. मधली बाहुली काळीच असते. तिच्याभोवतीचं कडं कुठल्या रंगाचं आहे?

मोठ्या वयाच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं हे कडं फिकट, पिवळसर पांढरं असतं. त्यामुळे तो जरा रागीट, डोळे वटारून पाहतोय असा वाटतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचं कडं गडद असतं, त्यामुळे सगळा डोळाच काळ्या मण्यासारखा दिसतो. चेहरा भोळा वाटतो. रागीट आणि भोळा, बस्स, एवढंच लक्षात ठेवा. (स्वभावाचा आणि याचा काही संबंध नाही हं. गाठिया पळवण्यात दोघंही सारखेच तरबेज!)

साक्षीदार दुसरा : पंखाचं टोक

आता उडताना पंख पूर्ण पसरला, की टोकाकडे नजर लावा.

तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक चांगलं मोठं काळं असतं आणि त्या काळ्या रंगात पांढरे ठिपके असतात. काळ्या भिंतीला छोट्या खिडक्या ठेवाव्यात तसे. पक्षीनिरीक्षक या ठिपक्यांना ‘आरसे’ म्हणतात.

काळ्या डोक्याच्या कुरवाचं उलट. त्याच्या पंखाच्या बाहेरच्या भागात, पुढच्या कडेला पांढरा लांबट त्रिकोण असतो. काळा रंग असतो, पण अगदी थोडा. साडीला बारीक किनार असावी तसा, टोकाला आणि मागच्या कडेला. आरसे नाहीत.

जाता जाता एक प्रश्न. एवढ्या पांढऱ्या पक्ष्याच्या पंखांचं नेमकं टोकच काळं का? उत्तर पिसात आहे. काळा रंग ज्या रंगद्रव्यामुळे येतो, त्याचं नाव मेलॅनिन. ते पिसाला जास्त टिकाऊ बनवतं. पंखाचं टोक सर्वांत जास्त झिजतं, म्हणून तिथं मजबूत पीस उपयोगी पडतं. आपण चपलेच्या टाचेला जाड रबर लावतो ना, तसंच. कुरवाचं जुनं पीस हातात आलं, तर काळा भाग शाबूत आणि पांढरा भाग झिजलेला असंही दिसतं.

दोन साक्षीदार कशाला?

आता कुणी हुशार म्हणेल, ‘डोळा फिकट दिसला, म्हणजे तपकिरी डोक्याचा. झालं! पंख कशाला पाहायचा?’

इथंच तिसरा पाहुणा येतो. त्याचं नाव निमुळत्या चोचीचा कुरव. आपल्याकडे तो त्या दोघांपेक्षा कमी दिसतो, पण दिसतो. मोठ्या वयाच्या या कुरवाचा डोळाही फिकट असतो! आणि पंख? पंख मात्र काळ्या डोक्याच्या कुरवासारखा, पुढच्या कडेला पांढरा त्रिकोण असलेला. म्हणजे नुसता डोळा पाहणारा त्याला तपकिरी डोक्याचा म्हणेल आणि नुसता पंख पाहणारा काळ्या डोक्याचा. दोघंही ठामपणे सांगतील आणि दोघंही चुकतील.

म्हणून कोष्टक असं करा:

डोळा फिकट, पंखाचं टोक काळं आणि त्यात आरसे : तपकिरी डोक्याचा कुरव.
डोळा गडद, पंखाला पांढरा त्रिकोण : काळ्या डोक्याचा कुरव.
डोळा फिकट, पंखाला पांढरा त्रिकोण : निमुळत्या चोचीचा कुरव.

या तिसऱ्याची आणखी खूण सांगतो. त्याचं कपाळ उतरतं असतं, मान आणि चोच लांब. आणि त्याच्या डोक्यावर टोपी कधीच चढत नाही, अगदी घरटं करतानाही डोकं पांढरंच. त्याच्या डोळ्यामागचा ठिपका पुसट असतो, कधी जवळजवळ नसतोच.

न्यायालयात एका साक्षीवर निकाल देताना न्यायाधीश दहादा विचार करतात. आपण तर पक्ष्याला नाव देतोय. दोन साक्षी जुळल्या, मगच नाव!

आणि ही पोरं?

थव्यात काही कुरव जरा मळके दिसतात. पंखांवर तपकिरी छटा, शेपटीच्या टोकाला काळा पट्टा. ही त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं. त्यांनी पहिलाच लांबचा प्रवास केलेला असतो, म्हणून आधी मनातल्या मनात शाबासकी द्या. पण ओळखायला ती अवघड. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पिल्लाचा डोळा फिकट नसतो, गडद असतो. त्याच्या पंखावर आरसेही अजून उमटलेले नसतात, टोक नुसतं काळं. म्हणजे आपला पहिला साक्षीदार पिल्लांच्या बाबतीत उपयोगाचा नाही. अशा वेळी आधी शेपटी पाहायची. काळा पट्टा दिसला, की डोळ्याची साक्ष घ्यायची नाही. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरे पट्टे आहेत का, ते पाहायचं. असले तर काळ्या डोक्याच्याचं पिल्लू असण्याचा संभव मोठा, टोक सगळंच काळं असेल तर तपकिरी डोक्याच्याचं.

आणि तरीही कळलं नाही तर? तर वहीत सरळ लिहायचं, ‘कुरव, पिल्लू, जात नक्की नाही.’ यात कमीपणा काहीच नाही. मोठमोठे पक्षीतज्ज्ञही असंच लिहितात. अंदाजानं लिहिलेल्या नावापेक्षा ‘नक्की नाही’ ही नोंद कितीतरी मोलाची, कारण ती खरी असते.

टोपी चढते कशासाठी?

नीको टिनबर्गन नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी 1973 साली त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसोबत नोबेल पारितोषिक मिळालं. काळ्या डोक्याचे कुरव हा त्यांचा आवडता विषय. हे पक्षी हजारोंच्या वस्तीत, एकमेकांना खेटून घरटी करतात. शेजारी आगाऊपणा करून जवळ आला, की कुरव आपला गडद चेहरा त्याच्यासमोर रोखतो. म्हणजे, ‘खबरदार!’ पण नर-मादीची जोडी जमत असते तेव्हा तोच चेहरा अडचणीचा ठरतो. मग दोघं शेजारी उभे राहून झटकन माना विरुद्ध बाजूंना वळवतात. गडद चेहरा लपवायचा, पांढरी मान दाखवायची. ‘भांडायला नाही आलो,’ असा त्याचा अर्थ. हिवाळ्यात ना घरटं, ना जोडी, मग तो मुखवटा हवा कशाला?

पण फरक कळून उपयोग काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो योग्यच आहे. ‘सीगल म्हटलं काय नि कुरव म्हटलं काय, उडतो तर तसाच ना?’ याचं उत्तर एका छोट्या गणितात आहे. आकडे मी कल्पनेनं घेतो.

समजा, एका खाडीत गेल्या वर्षी 100 कुरव मोजले. यंदाही 100 मोजले. गावातले सगळे खूश, पक्षी जिथल्या तिथं आहेत! आता तेच जाती ओळखून मोजू. गेल्या वर्षी तपकिरी डोक्याचे 60, काळ्या डोक्याचे 40. यंदा तपकिरी डोक्याचे 20, काळ्या डोक्याचे 80. बेरीज तीच, 100! पण एक जात तिसऱ्या हिश्शावर आली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. बेरजेनं तिला झाकून टाकलं.

आणि या दोघांचे प्रश्न खरोखर वेगळे आहेत. तपकिरी डोक्याचा कुरव घरटी करतो ती मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी. आपल्या देशात लडाखमध्ये त्याची वीण होते. तिथलं त्सो मोरिरी हे तळं साडेचार हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे जवळजवळ पावणेतीन कळसूबाई एकावर एक ठेवा, तिथं हे तळं! 2002 साली ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत आलं, आणि जवळचं त्सो कर 2020 साली. पण लडाखच्या तळ्यांकाठी मोकाट कुत्र्यांचा त्रास आहे. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं ती फस्त करतात, आणि माणसांनी टाकलेल्या खरकट्यावर ती पोसली जातात.

काळ्या डोक्याच्या कुरवाचा मुलूख मात्र युरोपपासून आशियाच्या उत्तर भागात पार पूर्वेपर्यंत पसरलेला. त्याची संकटं निराळी. 2023 साली ब्रिटनमध्ये बर्ड फ्लूनं या जातीच्या हजारो पक्ष्यांचा बळी घेतला. एकाचं दुखणं लडाखमध्ये, दुसऱ्याचं आणखी कुठे. औषध द्यायचं तर आधी रोगी कोण ते ठाऊक हवं ना? किनाऱ्यावर बसून आपण ‘कोण’ आणि ‘किती’ एवढं नीट लिहिलं, तर दूरच्या तळ्यावर काही बिघडलंय याची पहिली बातमी आपल्या वहीतूनही मिळू शकते.

अशा मोजणीची सोयही आहे. 1987 सालापासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तळी, खाड्या, किनारे अशा ठिकाणी पक्षीमित्र जाऊन पाणपक्षी मोजतात. जवळपास कुणी पक्षीमित्र मंडळ असेल तर त्यांच्यासोबत जा. नवशिक्यांना ते आनंदानं शिकवतात.

आणि एक लहानसा फरक दिसल्यानं काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण तर आपल्या मुंबईतलंच आहे. 1908 सालची गोष्ट. दहा-बारा वर्षांच्या एका मुलानं छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. त्या काळी मुलं असली शिकार करत. पाहिलं, तर चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग! नेहमीच्या चिमणीला तो नसतो. ‘असेल काहीतरी’ म्हणून त्यानं सोडून दिलं नाही. मामांच्या सांगण्यावरून तो पक्षी घेऊन थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्डसाहेब यांनी ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असं सांगितलं, आणि कपाटांतले शेकडो पक्षी त्याला उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली. एक डाग दिसला, आणि एका माणसाचं आयुष्य ठरलं! तुम्हाला बंदुकीची गरज नाही, वही-पेन्सिल पुरे.

या सुट्टीचा गृहपाठ

1. वहीत उडणाऱ्या कुरवाची साधी बाह्याकृती काढा. अशा दहा काढून ठेवा. किनाऱ्यावर गेल्यावर रंग भरू नका, फक्त काळं कुठं दिसलं ते पेन्सिलीनं दाखवा. बाजूला डोळ्याचा गोल काढा, फिकट की गडद ते लिहा.
2. नाव शेवटी लिहा. आधी खुणा, मग नाव. उलट केलंत, तर मनात ठरलेल्या नावाच्या खुणा डोळ्यांना आपोआप दिसायला लागतात.
3. मोबाइलवर फोटो जरूर काढा. ओळख सांगणारी ॲपही असतात. पण ॲपनं नाव सांगितलं, तरी दोन साक्षी आपण तपासायच्या.
4. तारीख, ठिकाण, वेळ लिहायला विसरू नका. त्याशिवाय नोंद म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

आई-बाबांसाठी चार ओळी

लाँचमध्ये गाठिया, शेव, चिप्सची पाकिटं घेऊन कुरवांना खायला घालण्याची हौस मोठी असते. त्यात प्रेम असतं हे खरं, पण मीठ-मसाल्याचं तळलेलं खाणं हा त्यांचा आहार नव्हे. मासे, किडे, खेकडे हे त्यांचं खरं अन्न. शिवाय रिकामी पाकिटं शेवटी समुद्रातच जातात. मुलांच्या हातात पाकिटाऐवजी वही द्या. हात पुढे केला नाही तरी कुरव लाँचच्या मागे काही वेळ उडत राहतातच, आणि तेवढ्यात डोळा नि पंख दोन्ही पाहून होतात. मुलं ‘माहीत नाही’ म्हणाली, तर रागावू नका. ‘काय दिसलं ते सांग,’ एवढंच विचारा.

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी ‘ते बघ सीगल’ म्हटलं, की हळूच विचारा, ‘कोणता?’ आणि मग डोळा दाखवा, पंख दाखवा. पुढच्या अंकात भेटू सुरयाच्या घराण्याला. तिथं तर चोचीच्या रंगावरून भांडणं आहेत! तोवर वही कोरी ठेवू नका.